स्क्रीनशॉट, प्रमाणपत्र, हॅश : वकिलांनी सोडून द्यायचे काही समज

अशील मोबाइल पुढे करतो, व्हॉट्सॲपवरचे संदेश दाखवतो; वकीलसाहेब स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून वादपत्राला जोडतात. कागद हातात आला म्हणजे पुरावा झाला, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मूळ पुरावा तो फोन आहे, प्रिंट ही दुय्यम प्रत. मालक स्वतः पिंजऱ्यात उभा राहून तोच फोन हजर करत असेल, तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दाखल करायची, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र हवं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चाच हा वारस, पण आता त्याचे दोन भाग आहेत : एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

मग प्रमाणपत्र मिळालंच नाही, तर सगळं संपलं? इथे जालन्याचं प्रकरण प्रत्येक वकिलाने वाचावं. २०१४ च्या विधानसभेला तिथला निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर दाखल झाला, असा याचिकाकर्त्यांचा आक्षेप. आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीडी आल्या, मात्र वारंवार मागूनही प्रमाणपत्र आलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासातली साक्ष पुरेशी मानली आणि २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. पण ज्याने लेखी मागणी केली, न्यायालयाकडे धाव घेतली आणि हातात होतं ते सगळं केलं, त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही. विजयी उमेदवाराचं अपील फेटाळलं गेलं. माझ्या मते या निकालाचं खरं मोल त्या मागणी-अर्जांत आहे. ते फाइलमध्ये नसते, तर ही सवलत मागायला आधारच उरला नसता.

नव्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला डिजिटल ठसा, लिहावा लागतो, आणि त्यातून दुसरा गैरसमज रुजतो आहे : हॅश जुळला म्हणजे मजकूर खरा. हॅश एवढंच सांगतो की ही फाइल त्या फाइलीशी तंतोतंत जुळते. खोटी पावती स्कॅन केली तरी तिचा हॅश निर्दोषच येतो. एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश ६४ अक्षरा-अंकांचा असतो. मजकुरातला एक पूर्णविराम काढा, हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणूनच ‘फोटो व्हॉट्सॲपवर टाका’ असं अशीलाला सहज सांगू नये. फोटो आक्रसून येतो, सोबतची तारीख-ठिकाणाची नोंद गळते आणि मूळ फोटोशी हॅश जुळत नाही. हॅश आधी, नकल नंतर.

ई-डिस्कव्हरी, म्हणजे खटल्यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंदी शोधून उघड करणं. ‘हा अमेरिकेचा विषय’ हे तर आता म्हणूच नये. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने वाणिज्यिक दाव्यांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ बदलला. दाव्याशी संबंधित कागद, इलेक्ट्रॉनिक नोंदींसह, उघड करावे लागतात, आणखी काही आपल्याकडे नाही असं शपथेवर सांगावं लागतं, आणि हे कर्तव्य दावा निकाली निघेपर्यंत संपत नाही.

शपथेवर सांगायचं, तर आधी नीट शोधायला हवं. शब्द टाकला की सगळं सापडतं, असं समजणाऱ्यांनी १९८५ चा ब्लेअर आणि मॅरन यांचा अभ्यास आठवावा. सुमारे ४० हजार दस्तऐवजांत शोध घेणाऱ्या वकिलांना वाटत होतं, की कामाचे ७५ टक्के कागद हाती आले. प्रत्यक्षात मिळाले होते जेमतेम २० टक्के. आपल्याकडे अडचण आणखी मोठी. एकच ‘पैसे’ हा शब्द कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये चार तऱ्हांनी, तर कोणी ‘ते पाकीट’ म्हणून मोकळा होतो. अशा शोधासाठी वकिलाने निवडलेल्या नमुन्यांवरून शिकणारं सॉफ्टवेअर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केलं. पण तिथेही नमुने तपासायला माणूसच बसतो.

पुढचा अशील ऑफिसात येईल, तेव्हा वकीलपत्रावर सही घेतानाच त्याला लेखी सांगा : फोन बदलू नका, चॅट खोडू नका, आपोआप पुसले जाणारे संदेश आजच बंद करा. आणि त्या सूचनेची पोच फाइलला लावा.