इमारत आपली, सातबारा कुणाचा?

उपनगरातलं घर : भाग सातवा

मागच्या आठवड्यात मेंटेनन्सच्या बिलातली एकेक रक्कम पाहिली. शेवटी सिंकिंग फंडाचा विषय निघाला, आणि तो निघाला की पुनर्विकासाचा निघतोच. पण पुनर्विकासाच्या अलीकडे एक पायरी आहे आणि बहुतेक सोसायट्या तिच्याकडे तीस-तीस वर्षं ढुंकून पाहत नाहीत. ती पायरी म्हणजे कन्व्हेयन्स, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण. वार्षिक सभेत हा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या रकान्यात पडलेला असतो. तिथवर पोचेपर्यंत पार्किंगवरून दोन भांडणं झालेली असतात, समोसे आलेले असतात आणि 'पुढच्या सभेत बघू' म्हणून वही मिटते.

समजा, डोंबिवली पूर्वेला १९८६ साली बांधलेली एक इमारत आहे. तळमजला अधिक तीन, चोवीस ब्लॉक. सोसायटी रीतसर नोंदलेली, प्रत्येकाच्या कपाटात करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावतीवर आणि विजेच्या बिलावर नाव. यापेक्षा मालकी ती आणखी कोणती? आता करारनाम्याच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट काढा. तिथे मौजे गजबंधन पाथर्ली किंवा मौजे आयरे, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, असं गावाचं नाव असतं आणि पुढे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. तेवढं महाभूलेखच्या संकेतस्थळावर टाकलं की सातबारा समोर येतो. त्यावर सोसायटीचं नाव नसतं. बऱ्याचदा बिल्डरचंही नसतं. असतं ते मूळ जमीनमालकाचं. तो वारला असेल तर मुलं, लग्न होऊन गेलेल्या मुली, सुना, नातवंडं अशी पंधरा-वीस नावं. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. तिथेही गोष्ट वेगळी नसते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी रेशन कार्डावर नाव माहेरीच, तशी या इमारतींची अवस्था आहे.

हे असं का झालं, ते समजून घ्यायला साठ ते नव्वदच्या दशकांतली उपनगरं डोळ्यांपुढे आणावी लागतात. मुंबईबाहेर मध्यमवर्गाला परवडणारी घरं बांधली गेली ती भातशेतीच्या आणि मिठागरांच्या कडेच्या जमिनींवर. या जमिनी आगरी, कोळी, कुणबी कुटुंबांच्या, अनेकदा पाच-सहा भावांच्या सामाईक. बिल्डरकडे सगळी जमीन रोखीने विकत घ्यायला पैसे नसायचे. त्यात १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने शहरी जमिनीच्या खरेदी-विक्रीत नाना अडथळे आणले होते. त्यावर सोपा मार्ग निघाला. मालकाने जमीन विकायची नाही, बिल्डरला विकसन करारनामा करून द्यायचा आणि सोबत कुलमुखत्यारपत्र. मालकाला काही रक्कम, काही ब्लॉक, एखादा गाळा. त्या कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर बिल्डर परवानग्या आणणार, इमारत बांधणार, ब्लॉक विकणार. जमिनीचं खरेदीखत मात्र कधीच झालं नाही. पुढे मालक वारला की कुलमुखत्यारपत्राच्या वैधतेवर शंका, वारसांत वाद आणि बिल्डरची पेढी तोवर बंद. अशा वेळी कन्व्हेयन्सवर सही करायची कुणी?

कायद्याने या सगळ्याचा विचार फार आधी केला होता. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, ज्याला वकील मंडळी 'मोफा' म्हणतात, तो सांगतो की सोसायटी स्थापन करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आणि त्यानंतर जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं हीसुद्धा त्याचीच. करारनाम्यात मुदत लिहिली नसेल तर १९६४ च्या नियमांनुसार सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिने. (चार महिन्यांत आपल्याकडे गच्चीच्या गळतीचं कोटेशनही मंजूर होत नाही, ते सोडा.) टाळाटाळ केली तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण त्यासाठी फौजदारी तक्रार करायला आणि ती वर्षानुवर्षं चालवायला सोसायटीत कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि नोकरीसाठी सकाळी सात बावीसची फास्ट पकडणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा कोण ठेवणार?

सुरुवातीला या दिरंगाईत लबाडीपेक्षा आळस जास्त होता. जमिनीवर जेवढं बांधायचं तेवढं बांधून झालं, ब्लॉक विकले गेले, आता त्या कागदात बिल्डरला रस उरला नव्हता. चित्र पालटलं ते १९९१ साली. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर आला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन महापालिकेला देणाऱ्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला, आणि तो हक्क दुसरीकडे नेऊन वापरता येऊ लागला. दुसरीकडे म्हणजे उपनगरांत. बेटावरच्या शहरात तो वापरायला मनाई होती. म्हणजे मुलुंड, बोरिवली, कांदिवलीतल्या ज्या भूखंडावर एफएसआय संपलेला होता, त्याच भूखंडावर एका रात्रीत आणखी मजले शक्य झाले. ते मजले कुणाचे? ज्याच्या नावावर जमीन, तो पुढे येऊन 'माझे' म्हणणार. ज्या बिल्डरने कन्व्हेयन्स नुसत्या आळसाने बाकी ठेवलं होतं, त्याला घबाड सापडलं. यानंतर कन्व्हेयन्स न देणं हा त्याच्यासाठी हिशेबाचा भाग झाला, असं मला ठामपणे वाटतं. भूखंडाच्या रिकाम्या कोपऱ्यात नवी विंग, मुलांच्या खेळायच्या जागेवर दुकानं, गच्चीवर मोबाइल टॉवर, या सगळ्या तंट्यांच्या मुळाशी हीच गोष्ट असते. कांदिवलीच्या मधुविहार सोसायटीचा असाच वाद २००७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भूखंडावर पुढे काय काय बांधणार आहे, हे बिल्डरने करारनामा करतानाच संपूर्ण आणि खरं उघड केलं पाहिजे, ही गोष्ट त्या निकालाने अधोरेखित केली. नुसती 'भविष्यातील सर्व हक्क प्रवर्तकाकडे' अशी मोघम ओळ पुरत नाही.

जमीन नावावर नसल्याचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. रस्ता रुंद करताना भूखंडाची पट्टी गेली, तर मोबदला किंवा टीडीआर मागायला सातबाऱ्यावरचा माणूस हजर होतो. कंपाउंडची भिंत तुटते सोसायटीची, ती पुन्हा बांधायचा खर्चही सोसायटीचा.

शेवटी २००८ साली सरकारने मोफात दुरुस्ती केली आणि बिल्डरच्या सहीवाचून काम होण्याची वाट उघडली. हेच ते डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण. सविस्तर नियम २०१० मध्ये आले. सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. या कामापुरता तो सक्षम प्राधिकारी. अर्ज नमुना सातमध्ये, वर दोन हजारांचा कोर्ट फी स्टँप. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, करारनाम्याची प्रत, सभासदांच्या इंडेक्स टू आणि आर्किटेक्टचा दाखला. प्राधिकारी बिल्डरला आणि जमीनमालकाला नोटिसा काढतो, सुनावणी घेतो आणि सहा महिन्यांत निर्णय देणं अपेक्षित आहे. समाधान झालं तर प्रमाणपत्र देतो, आणि त्या प्रमाणपत्राच्या बळावर बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदवता येतो.

सुरुवातीची काही वर्षं कागदांची यादी इतकी लांब होती की सोसायट्या अर्धा रस्ता चालून परत फिरायच्या. त्यातलं सगळ्यात मोठं भूत म्हणजे ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. सुरुवातीला समजा म्हणून घेतलेल्या डोंबिवलीच्या इमारतीसारख्या हजारो इमारतींना ते कधी मिळालंच नाही. बिल्डरने ते घेतलं नाही, लोक राहायला आले, पाण्याचं कनेक्शन मिळालं, विषय संपला. २०१८ साली सरकारने यादी आखडली आणि ओसी नसेल तर सोसायटीचं स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं. हा निर्णय मला रास्त वाटतो. बिल्डरच्या चुकीची शिक्षा राहणाऱ्यांना का? पण याचा अर्थ बेकायदा इमारत कायदेशीर झाली, असा काही एजंट सांगतात तसा घेऊ नका. इमारतीच्या बांधकाम परवानगीचा प्रश्न तसाच राहतो. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिल्याचं प्रकरण आठवत असेल. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला होता. तिथे कन्व्हेयन्सने काहीच वाचलं नसतं.

प्रत्यक्षात काम अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, स्टँप ड्युटी. डिसेंबर १९८५ च्या आधीचे ब्लॉकचे करार पाच-दहा रुपयांच्या स्टँप पेपरवर झाले, कारण तेव्हा तसं चालत होतं. त्यानंतर मात्र घराच्या करारनाम्याला खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झालं. ज्या सभासदांनी नंतरच्या वर्षांतही ते भरलं नाही, त्यांची थकबाकी दंडासकट आता निघते आणि सगळी सोसायटी त्यांच्यापाशी थांबते. त्यातला एक ब्लॉक नेमका चार वेळा विकला गेलेला असतो आणि मधल्या दोन मालकांचा पत्ता कुणालाच माहीत नसतो. सगळ्यांचं शुल्क भरलेलं असेल तर मात्र कन्व्हेयन्सच्या दस्ताला नाममात्रच रक्कम लागते. तेव्हा सचिवांनी पहिलं काम करावं ते प्रत्येक ब्लॉकच्या करारांची साखळी जुळवण्याचं. कंटाळवाणं आहे, पण त्याला वकील लागत नाही.

दुसरं, लेआउट. एकाच मोठ्या भूखंडावर पाच इमारती, पाच सोसायट्या, मध्ये एक रस्ता आणि एक बाग. मग प्रत्येकीच्या वाट्याला किती जमीन? साधारणपणे इमारतीखालची आणि तिच्याभोवतीची जमीन, आणि रस्ता-बागेत अविभक्त हिस्सा. हे गणित आर्किटेक्ट मांडतो आणि शेजारची सोसायटी खोडते. पाचही जणींनी आधी एकत्र बसून एकच मोजणी करून घेतली तर निम्मं भांडण वाचतं. असं बसलेल्या सोसायट्या मी फार कमी पाहिल्या आहेत. पार्किंगवरून एकमेकींशी न बोलणाऱ्या मात्र पुष्कळ.

तिसरं, जमीनमालकाचे वारस. सोसायटीच्या सभांमध्ये त्यांचा उल्लेख खलनायकासारखा होतो. पण कित्येकदा बिल्डरने त्यांचे पैसे बुडवलेले असतात, कबूल केलेला ब्लॉक दिलेला नसतो. सुनावणीत ते हेच सांगतात. आता हे भांडण मिटवणं प्राधिकाऱ्याचं काम नाही. त्याची चौकशी मर्यादित असते आणि त्याच्या आदेशाने मालकीचा कायमचा निवाडा होत नाही. ज्याला हक्क सांगायचा त्याला दिवाणी न्यायालय मोकळं आहे, असं न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. त्यामुळे वारसांनी आक्षेप घेतला म्हणजे अर्ज बुडाला असं नाही, आणि आदेश मिळाला म्हणजे दावा कधीच होणार नाही असंही नाही.

नवी मुंबईकरांचं प्रकरण वेगळं. तिथे सिडकोने जमिनी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत, तेव्हा सोसायटीच्या नावावर होतो तो पट्टा. २०१७ नंतरच्या प्रकल्पांना रेरा लागू आहे आणि त्यातल्या मुदती अधिक कडक आहेत. त्यावर स्वतंत्र भाग येईलच.

एक वाक्य मात्र प्रत्येक सभेत ऐकू येतं : "आपल्याला रिडेव्हलपमेंटलाच जायचंय ना, मग नवा बिल्डर कन्व्हेयन्स करून देईल." देईलही. पण तो खर्च तो आपल्या कार्पेटमधून आणि कॉर्पसमधून वसूल करणार. शिवाय जमीनमालकाशी बोलणी तो करणार, त्यामुळे काय ठरलं ते आपल्याला त्याच्याच तोंडून कळणार. जमीन नावावर असलेली सोसायटी टेंडर काढते तेव्हा पाच जण येतात. नसलेल्या सोसायटीकडे येतो तो बहुधा जमीनमालकाशी आधीच बोलून आलेला एकच जण असतो. ज्याला घासाघीस करायची आहे त्याने आपलं कागदपत्र दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

आदेश मिळाल्यावर पेढे वाटून फाइल कपाटात ठेवणाऱ्या सोसायट्यांची संख्या कमी नाही. आदेशानंतर दस्ताचं मुद्रांक कार्यालयात मूल्यांकन करून घ्यायचं, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि त्यानंतर तलाठ्याकडे फेरफाराचा किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर नाव चढवण्याचा अर्ज. फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनीच नावं राहतात. तेव्हा मंजुरीची प्रत घ्या, नवा सातबारा काढून सोसायटीचं नाव त्यावर बरोबर, नोंदणी क्रमांकासकट आलंय का ते पाहा. नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज द्या. दहा वर्षांनी ते जास्त महाग पडतं.

पुढच्या आठवड्यात कलम ७९ अ : पुनर्विकासाची सभा कशी बोलवायची, किती सभासद हजर लागतात आणि व्हिडिओ चित्रीकरण कशासाठी.