‘काका, अजून जोर लावा!’ म्हणण्याआधी

समजा, जिममध्ये ट्रेनर म्हणून तुमचा पहिलाच आठवडा आहे. सकाळच्या बॅचला पन्नाशीचे एक काका आलेत, ट्रेडमिलवर चालताहेत. तुम्ही पाठ असलेलं सूत्र लावता : २२० वजा वय, म्हणजे १७०. त्याचे ७० टक्के ११९. काकांच्या मनगटावरचं घड्याळ दाखवतंय १०२. ‘काका, स्पीड वाढवूया की!’ तुम्ही म्हणता. पण काकांना धाप लागलीये, एक वाक्य सलग बोलता येत नाहीये. आता ऐकायचं कोणाचं, घड्याळाचं की काकांचं?

काकांचं! बीपीच्या गोळ्यांमध्ये ‘बीटा ब्लॉकर’ नावाचा एक प्रकार असतो. तो हृदयाचे ठोके फार वाढू देत नाही. काका ती गोळी घेत असतील, तर शरीर दमलं तरी आकडा कमीच दिसणार. शिवाय २२० वजा वय हा नुसता सरासरीचा अंदाज. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा साधी ‘टॉक टेस्ट’ बरी. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोरदार.

पर्सनल ट्रेनर व्हायचं म्हणताय ना? मग बायसेप्सच्या आधी हे शास्त्र, म्हणजे एक्सरसाइज फिजिऑलॉजी, समजून घ्या.

इंधन एक, वाटा तीन

स्नायूला चालतं ते एकच इंधन, एटीपी. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा. म्हणून शरीर ते सतत नव्याने बनवतं, तेही तीन वाटांनी. पोलीस भरतीचं ग्राउंड डोळ्यांसमोर आणा. गोळाफेकीत एका झटक्यात ताकद लागते, ती साठवलेल्या एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिनमधून येते. हा साठा साधारण १० सेकंदांत संपत येतो. १०० मीटर पळताना त्याच्या जोडीला ऑक्सिजनशिवाय साखर फोडण्याची दुसरी वाट येते. ती वेगवान आहे, पण फार वेळ टिकत नाही. आणि १६०० मीटर? तिथे बहुतेक भार ऑक्सिजनवर चालणाऱ्या तिसऱ्या वाटेवर असतो.

तिन्ही वाटा सुरुवातीपासूनच चालू असतात, बदलतो तो प्रत्येकीचा वाटा. म्हणूनच रोज फक्त वजनं उचलणारा मित्र १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत हमखास मागे पडतो. ज्याची तयारी कराल, तेच शरीर शिकतं.

जिममधल्या ‘अफवा’

‘पाय दुखतायत? लॅक्टिक ॲसिड साठलंय!’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळपास पूर्ववत होतं, आणि अंग सर्वांत जास्त ठणकतं ते एक ते तीन दिवसांनी. त्या ठणक्यामागे असतात स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा आणि त्यानंतरची सूज. आज ठणकलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असंही नाही.

दुसरी अफवा : पोटाचे व्यायाम केले की पोटावरचीच चरबी जाते. चरबी वितळून रक्तात येते ती सगळ्या शरीरातून. कुठून आधी जाणार, हे क्रंचेस ठरवत नाहीत.

आणि ‘तीन आठवडे झाले, दंड वाढलाच नाही’ म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगाल? सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकते म्हणून. डोळ्यांना दिसणारी वाढ मागाहून येते. हे त्याला समजलं तर तो टिकेल. नाहीतर महिन्याभरात फी भरून गायब!

पुन्हा काकांकडे

ट्रेडमिल सुरू करण्याआधी तुम्ही काकांना काय विचारायला हवं होतं? छातीत कधी दुखतं का, चक्कर येते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, डायबिटीस आहे का. काही ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग वेळापत्रक. गोळी कमी-जास्त करायचा सल्ला तुम्ही द्यायचा नाही. वजन उचलताना त्यांना श्वास रोखू देऊ नका, त्याने बीपी एकदम उसळतं. जोर लावताना श्वास सोडायला शिकवा.

आणि व्यायाम करताना छातीत दाब आला, हात किंवा जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडून देऊ नका. व्यायाम तिथेच थांबवा, काकांना बसवा आणि १०८ला फोन लावा. सर्टिफिकेट मिळवाल तेव्हा सीपीआरचं प्रशिक्षणही घ्याच.

समोरचा माणूस स्वतःचं शरीर विश्वासाने तुमच्या हाती देतो. त्याच्याकडून जोर लावून घेण्याआधी तो कुठे थांबवायचा, हे तुम्हाला कळायला हवं.