खाचेत न बसलेला फोन

अम्मीचं बोलणं एका कॅसेटवर होतं. मुलानं ते आयपॉडवर उतरवून दिलं, सोबत डॉक स्पीकर आणला. आयपॉड खाचेत उभा केला की तो चार्जही व्हायचा आणि अम्मी खोलीभर बोलू लागायची. पुढे आयपॉड थकला. रेकॉर्डिंग फोनवर घेतलं, तर फोन त्या खाचेत बसेना!

मंडळी, ती तीस पिनांची जोडणी ॲपलनं आयपॉडला २००३ साली दिली. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर ती बदलली. २०२३ च्या आयफोन १५ ला तिसरीच आली, यूएसबी-सी. स्पीकर धडधाकट, पण दार बंद. मग पाठीमागे साडेतीन मिलिमीटरचं साधं गोल छिद्र दिसलं, ऑक्स म्हणतात ते. (नव्या फोनांना बहुधा तेही नसतं, छोटा जोड लावावा लागतो.) वायर जोडली, अम्मी परत बोलू लागली.

म्हणून बहिणीसाठी वापरलेला डॉक स्पीकर शोधताना मी आधी त्याची पाठ पाहिली. ऑक्स हवंच, ब्लूटूथ असलं तर उत्तम. पीएमपीओच्या हजारी आकड्यांना भुलू नये, तो क्षणभराचा जोर. आरएमएस बघावा, छोट्या खोलीला दहा वॅट पुष्कळ. आणि दुकानात ढणढणाटी गाणं नको, माणसाचं बोलणं लावा, तेही हळू आवाजात. एका महागड्या स्पीकरवर अम्मीच्या ‘शेवया’ मला ‘सेवया’ ऐकू आल्या. तो ठेवून दिला, शेजारचा स्वस्तातला घेतला.