पौषातल्या ओसरीत पपईची रोपे

आज आपण थंडीबद्दल बोलणार आहोत आणि थंडीत घराच्या ओसरीत फळझाडांची रोपे कशी वाढवायची, त्याबद्दल.

आम्ही नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूला बचत गटांचे काम करतो. निफाडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी सोडतात. ज्यांची बाग आहे त्यांचे हे झाले. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. पण घराला ओसरी आहे. आणि ज्या दिवसांत बाहेर रोप तग धरत नाही, त्याच दिवसांत रोपाला मागणी असते. म्हणून ही ओसरी आमच्यासाठी कामाची.

मागणी कशी, ते सांगतो. पपईची लागवड आपल्याकडे तीन वेळा होते: जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च. रोप तयार व्हायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी रोप द्यायचे तर बी नाताळाच्या आधी पडायला हवे, आणि तेव्हा तर थंडी ऐन भरात असते. पपईच्या बियाला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते. तेवढी मिळाली तर ते दोन-तीन आठवड्यांत उगवते. थंडीत महिना उलटतो आणि तोवर बरेच बी मातीतच कुजते. उशिरा उगवलेले रोप एप्रिलच्या तोंडावर तयार होते. कोवळे रोप त्या उन्हात करपते, म्हणून शेतकरी ते घेत नाही. थंडीत गेलेले तीन आठवडे म्हणजे हातचा सगळा हंगाम गेला, आणि मार्चमधला कर्जाचा हप्ता डोक्यावर तसाच राहिला.

आता ओसरी कोणती निवडायची? दक्षिणेकडे तोंड असलेली. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. २१ डिसेंबरला आपल्याकडे भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, तो जमिनीपासून जेमतेम ४६-४७ अंश वर येतो. त्यामुळे ७ फूट उंचीच्या पडवीत ऊन सुमारे साडेसहा फूट आत शिरते. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याच पडवीत दुपारी सावली असते. ज्या दिवशी ठरवाल त्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता ऊन कुठवर येते ते खडूने आखा. ज्या जागेला निदान पाच-सहा तास ऊन मिळते ती रोपांची जागा. पूर्वेची ओसरी चालते, पण दुपारनंतर ती लवकर निवते. उत्तरेच्या ओसरीचा नाद सोडा.

ओसरीची उघडी बाजू पारदर्शक प्लॅस्टिकने बंद करायची. पॉलिहाऊससाठी मिळतो तो २०० मायक्रॉनचा कागद घ्या. साधे प्लॅस्टिक स्वस्त पडते, पण एका हंगामात उन्हाने तडकते. मागच्या भिंतीला चुना लावा, म्हणजे उजेड परत रोपांवर पडतो. उजेड एकाच बाजूने येत असल्याने रोपे तिकडे झुकतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पिशव्या अर्ध्या फिरवा.

प्लॅस्टिक दिवसा ऊब आत घेते, पण रात्री ती धरून ठेवत नाही. ऊब साठवण्याचे काम पाणी करते. सारख्या मापाच्या विटेपेक्षा पाणी दुपटीहून जास्त उष्णता साठवते. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे बाहेरून काळे रंगवा, पाण्याने भरा आणि ऊन पडेल अशा जागी, रोपांच्या मागे ओळीने ठेवा. २० लिटरचा एक डबा रात्रीतून १० अंशांनी निवला, तर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब जवळजवळ चार तास जळल्याइतकी ऊब तो सोडतो. असे आठ-दहा डबे असले की फरक पडतो, आणि विजेचे बिल येत नाही. रात्री प्लॅस्टिकच्या आतून गोणपाटाचा किंवा जुन्या वाकळेचा पडदा सोडा. वर पत्रा असेल तर त्याखालीही गोणपाट ताणा, कारण पत्रा रात्री फार लवकर गार होतो.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. बंद ओसरीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव ठेवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव त्याने जातो. रोपे गेली तर पुन्हा पेरता येतील.

थंडीइतकेच दुपारच्या उकाड्याकडेही लक्ष हवे. उन्हाच्या दिवशी बंद ओसरी दुपारी भट्टीसारखी तापते. भिंतीवर साधा तापमापक टांगा. पारा ३२-३३ वर गेला की प्लॅस्टिकची एक बाजू गुंडाळा आणि ऊन उतरायच्या आत, चारच्या सुमारास, पुन्हा बंद करा. पाणी सकाळी दहा-अकरा वाजता द्या, तेही डब्यांतले कोमट झालेले. संध्याकाळी मुळीच नको. ओली माती, गार रात्र आणि कोंडलेली हवा एकत्र आली की कोवळी रोपे बुडाशी सडून कोलमडतात. गारठ्यात रोप पाणी कमी ओढते, म्हणून मातीत बोट घालून बघावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे.

पिशवीत माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या मापाने भरा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ठेवले तर मर कमी होते. पिशवीला तळाशी भोके हवीत. बी अर्धा-पाऊण इंच खोल टोचा. घरच्या पपईचे बी विक्रीसाठी वापरू नका. बऱ्याच वाणांत त्यातून नर झाडे निघतात, आणि ती शेतकऱ्याला कळतात ती कित्येक महिन्यांनी, फुलोऱ्यावर. 'तैवान ७८६' सारख्या संकरित वाणात निव्वळ नर झाडे येत नाहीत, पण त्याचे बी दरवेळी नवे विकत घ्यावे लागते.

प्लॅस्टिक गुंडाळता त्या बाजूला ४० ते ५० मेशची कीडरोधक जाळी लावा. पपईचा रिंगस्पॉट हा विषाणूरोग मावा किडीमुळे पसरतो आणि त्याच्यावर औषध नाही. साध्या मच्छरदाणीतून मावा आत येऊ शकतो. परसात रोगट पपईचे झाड असेल तर ते बी टोचण्याआधीच उपटून टाका.

सगळ्याच फळझाडांना आत घ्यायचे नसते. पपई, केळीची उतिसंवर्धित रोपे, आंब्याची आणि चिकूची नवी कलमे, लिंबाची कोवळी रोपे आत घ्या. अंजीर आणि डाळिंब थंडीत पाने गाळून विसावा घेतात, त्यांना बाहेरच राहू द्या. बोराला आणि वाढलेल्या पेरूला आपली थंडी सोसते. स्ट्रॉबेरीला तर थंडीच हवी.

आता हिशेब. ८ बाय ६ फुटांवर लावली तर एकरी सुमारे ९०० पपया बसतात. एवढ्या पिशव्या एका ओसरीत कोंबू नका. पाने एकमेकांवर चढली की रोपे नुसतीच उंच होतात. एका चौरस फुटात नऊ-दहा पिशव्या धरल्या तर ३०० रोपांना ३०-३५ चौरस फूट पुरतात. म्हणून तीन घरांत तीनशे-तीनशे अशी वाटणी बरी पडते. एकीच्या घरी काही बिघडले तरी दोघींची रोपे हाताशी राहतात. पेरणीच्या आधी शेतकऱ्याशी बोला, रोपांची संख्या आणि तारीख ठरवा, विसार घ्या. १०० पिशव्यांतून ७५ रोपे विकण्याजोगी निघतील असे धरून खर्च मांडा. म्हणजे ९०० द्यायची तर १,२०० पिशव्या टोचाव्या लागतील, प्रत्येकीला ४००, आणि जागा तेवढी जास्त धरावी लागेल. त्या खर्चात तुमची रोजची तासाभराची मजुरी लिहायला विसरू नका. ती वहीत आली नाही तर भावातही येत नाही.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे आणि परवाना लागतो. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात गटाच्या नावाने आधीच चौकशी करा.

रोपे द्यायच्या आधी आठ-दहा दिवस त्यांना बाहेरची सवय लावा. पहिल्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस, मग रात्रभर. पाणीही थोडे कमी करा. ओसरीतून थेट शेतात गेलेले रोप मान टाकते आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी तुमच्याकडे फिरकत नाही.

यंदा करायचे असेल तर दिवाळीनंतरच्या गटाच्या बैठकीत तीन ओसऱ्या ठरवा, डबे जमवायला लागा आणि मागणी कुणाची आहे ते विचारून या. बी टोचायचे काम त्यानंतर.