कासव शेजारी ठेवून गावाला जाताना

गणपती जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आठ-दहा दिवस घर बंद राहणार. कुत्र्याची सोय झाली, पण कासवाचं काय?" अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडेही आता काचेच्या पेटीत कासव पाळणारी घरे आहेत. कुत्र्यासाठी माणूस शोधला जातो, कासव मात्र "त्याला काय लागतं?" असे म्हणत शेजारच्या पडवीत नेऊन ठेवले जाते. आज याच विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

मागे एका पावसाळ्यात असेच एक कुटुंब बारा दिवसांसाठी घाटावर गेले. शेजारच्या काकूंनी कासव मायेने सांभाळले. रोज दोन वेळा भात, पोळीचे तुकडे आणि मूठभर जवळा दिला. कुटुंब परत आले तेव्हा बादलीतले पाणी हिरवे झाले होते, कासवाचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते आणि नाकातून बुडबुडे येत होते. "काकूंनी हयगय केली," अशी घरच्यांची तक्रार होती. मला मात्र वेगळेच सांगावे लागले. डोळ्यांची अशी सूज बहुधा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येते आणि ही कमतरता बारा दिवसांत होत नाही. घरीच कित्येक महिने नुसत्या सुक्या जवळ्यावर ते वाढले होते. आजार घरचा होता. घाण पाणी आणि गारठा यांनी तो बाहेर काढला.

हे असे का होते ते समजून घेऊ. कासव, सरडा, साप हे सरपटणारे प्राणी आपल्यासारखी शरीरात ऊब तयार करू शकत नाहीत. भोवतालची ऊब घेऊनच त्यांचे शरीर चालते. दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. त्याला सुमारे २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी आणि अंग कोरडे करून शेकायला त्याहून उबदार जागा लागते. पाणी गार झाले की पचन मंदावते, खाल्लेले अन्न पोटात कुजते आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती घटते. मग फुप्फुसाला संसर्ग होतो. तोंड उघडून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे, एका कुशीवर कलून पोहणे ही त्याची लक्षणे होत.

दुसरी गोष्ट उन्हाची. उन्हातील अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे अन्नातले कॅल्शियम अंगी लागते. हे किरण खिडकीच्या काचेतून फारसे आत येत नाहीत. ऊन न मिळालेल्या कासवाची पाठ मऊ पडते. पण म्हणून उथळ टब भर उन्हात ठेवून विसरू नये. पाणी बघता बघता तापते आणि पळायला जागा नसल्याने कासव दगावते. सकाळचे कोवळे ऊन वीस-तीस मिनिटे द्यावे, अर्धा टब सावलीत ठेवावा आणि माणूस जवळ असावा.

दुसऱ्याच्या हाती सोपवताना पुढील गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात.

१. खाणे : पूर्ण वाढलेल्या निरोगी कासवाला आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते, पिल्लाला मात्र रोज थोडे लागते. भात, पोळी, बिस्किटे बंद. कासवाचे खाद्य, गाजराचा कीस, शेवग्याचा पाला द्यावा. उरलेले लगेच काढावे.

२. पाणी : नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मग वापरावे. नव्या पाण्याची ऊब जुन्याइतकीच असावी. बसायला कोरडा दगड हवा.

३. सोबत : अनेक घरांची कासवे एका टाकीत ठेवू नयेत. ती चावतात आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. कुत्रे, मांजर, कावळा, उंदीर यांच्यापासून जपावे.

४. वजन : जाण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करावे. हे प्राणी आजार लपवतात. वजन मात्र खोटे बोलत नाही.

५. औषध : मनाने काहीही देऊ नये. गुराकुत्र्यांच्या जंतांवर आणि गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला विषासमान आहे. पशुवैद्याचा फोन नंबर त्याच कागदावर लिहावा.

आता सांभाळणाऱ्याच्या घराविषयी. दिसायला ठणठणीत असलेल्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते विष्ठेतून पाण्यात आणि पाठीवर येतात आणि हातातून तोंडात गेले की जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना धोका अधिक. लहान मुलांना होणाऱ्या या आजारामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान पाठीची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आली. म्हणून ज्या घरात रांगते मूल आहे तेथे कासव ठेवू नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नये.

शेवटी कायद्याचे. पाठीवर चांदण्या असलेले स्टार कासव किंवा विहिरी-तळ्यांत सापडणारे आपले मऊ पाठीचे कासव घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यावर निघणारी समुद्री कासवांची पिल्लेही बादलीतून घरी आणू नयेत, वनखात्याला कळवावे. आणि सांभाळायला कोणी मिळाले नाही म्हणून परदेशी कासव देवळाच्या तळ्यात सोडणे हे पुण्य नव्हे. ते तिथल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

आमच्या त्या रुग्णाचे डोळे उपचारांनी काही आठवड्यांनी उघडले. काकूंशी धरलेला अबोलाही सुटला. कासव नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. इतक्या वर्षांत घर अनेकदा बंद ठेवावे लागणार, हा हिशेब कासव आणण्याआधीच केलेला बरा.