महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मराठी लेखन : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मराठी लिहिता येत नाही ही तक्रार आता इतकी रुळली आहे की, तिचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. उत्तरपत्रिका तपासून उठलेले प्राध्यापक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगतात, 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल सांगतात, विरामचिन्हांचा अभाव सांगतात. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रबंधिकेचे पहिले प्रकरण घेऊन येतो तेव्हा तक्रार तीच राहते. तिचा सूर तेवढा अधिक खिन्न होतो. या तक्रारीत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्या चुका सहज दिसतात त्यांनाच मुख्य चुका मानल्यामुळे निदान चुकत आले आहे. परभणी जिल्ह्यातील लेखनाची परिस्थिती जवळून पाहिली म्हणजे हे विशेष स्पष्ट होते.

'ऱ्हास' हा शब्द वापरताना पूर्वी काही उंची होती असे गृहीत धरावे लागते. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत हे गृहीत तपासून घ्यावयास हवे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापन उर्दूतून होई. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती देशी भाषा त्याची नव्हती. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. म्हणजे या जिल्ह्यात महाविद्यालयीन पातळीवर मराठीतून विचार मांडण्याची परंपरा फार तर तीन पिढ्यांची आहे. पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर घरातील पहिला सलग मजकूर त्यांनीच लिहिलेला असतो. जे कधी नीट रुजलेच नाही त्याचा ऱ्हास झाला असे म्हणणे पुरेसे काटेकोर नव्हे.

तरीही याच भूमीतून मराठी लेखन उभे राहिले. सातोन्याला जन्मलेले बी. रघुनाथ (१९१३–१९५३) निजामाच्या सरकारी खात्यात कारकुनी करीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. नरहर कुरुंदकर १९३२ साली नांदापूरला जन्मले. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९९९ मधील विभाजनानंतर ते हिंगोली जिल्ह्यात गेले. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले, ही गोष्ट मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. पुढे 'धार आणि काठ' लिहिणारा हा समीक्षक मोठा वक्ताही होता, आणि त्यांच्या गद्यात बोलण्याची युक्तिवादपद्धती स्पष्ट जाणवते : एक विधान, त्यावरचा संभाव्य आक्षेप, आक्षेपाचे उत्तर, आणि त्या उत्तरातून निघणारे पुढचे विधान. अपवादात्मक व्यक्तींवरून सर्वसाधारण विद्यार्थ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. पण परीक्षेतील उत्तर आणि गद्यलेखन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे या उदाहरणावरून मानण्यास हरकत नसावी.

बोलीचा मुद्दाही येथेच निकालात काढता येतो. ग्रामीण विद्यार्थ्याची बोली त्याच्या लेखनाच्या आड येते, असे अनेक अध्यापकांचे मत असते. इंद्रजित भालेराव यांची कविता किंवा २०१६ साली 'आलोक' या कथासंग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले आसाराम लोमटे यांची कथा वाचणाऱ्याला हे मत टिकवणे अवघड जाईल. या लेखकांची शक्ती बोलीपासून दूर जाण्यात नाही. मग अडथळा कोठे आहे?

पुढील उत्तर नमुना म्हणून रचलेले आहे. परंतु ज्याने पदवीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ते अपरिचित वाटणार नाही. प्रश्न जनाबाईंच्या अभंगांच्या वेगळेपणाविषयी आहे, असे समजावे.

'संत जनाबाई या थोर संत कवयित्री होत्या. त्यांचा जन्म गंगाखेड येथे झाला. त्यांच्या अभंगांत भक्ती दिसून येते. त्यांची भाषा साधी व सोपी आहे. त्या संत नामदेवांच्या घरी राहत होत्या. त्यांच्या अभंगांत वात्सल्य आढळते. मराठी साहित्यात त्यांचे स्थान मोठे आहे.'

या उत्तरात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. प्रत्येक विधान आपापल्या जागी बरोबर आहे. परंतु या सात वाक्यांचा क्रम उलटा केला, किंवा चिठ्ठ्या टाकून ठरवला, तरी उत्तरात काहीही बिघडत नाही. कारण कोणतेही वाक्य मागील वाक्यावर उभे नाही. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या ही एक माहिती. त्यांच्या अभंगांतला देव दळू-कांडू लागतो ही दुसरी. या दोहोंमध्ये जो संबंध आहे त्यातच जनाबाईंचे वेगळेपण आहे, आणि उत्तरात गैरहजर आहे तो हाच संबंध. पहिली माहिती अर्धवट येते, दुसरी येतच नाही, आणि दोघींना जोडणारे 'म्हणून' लिहिण्याचा प्रसंगच उद्भवत नाही.

आता याच विद्यार्थ्याला दोन दिवस वर्गात का आला नाहीस, असे विचारले आहे अशी कल्पना करावी. त्याचे उत्तर साधारणतः असे येईल : 'सर, परवा गारपीट झाली, हरबरा सारा आडवा झाला, तलाठी पंचनाम्याला येनारेत म्हनले म्हनून थांबलो, तर ते आलेच नाहीत, मंग काल बापासंगं तहसीलला गेलतो.'

या एका वाक्यात घटना आहे, तिचा परिणाम आहे, अपेक्षा आहे, अपेक्षाभंग आहे आणि त्यातून घेतलेला निर्णय आहे. 'म्हनून', 'तर', 'मंग' ही तीन छोटी अव्यये सगळा भार वाहतात. येथे क्रम बदलता येत नाही. बदलला तर गोष्टच मोडते. ज्याच्या बोलण्यात ही जुळणी सहज आहे त्याच्यापाशी भाषा नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. त्याची ही जुळणी कागदावर उतरताना गळून पडते, आणि तपासणाऱ्याची लाल शाई 'म्हनून'चे 'म्हणून' करण्यात खर्ची पडते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठराही नियम शब्द कसा लिहावा हे सांगतात. एका वाक्यातून दुसरे कसे निघावे हे सांगणे त्यांचे काम नव्हे, आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. त्यांना लेखनशिक्षणाचे सर्वस्व अध्यापकांनी मानले.

ही गळती कोठे होते ते पाहू गेल्यास शाळेपासून आरंभ करावा लागतो. निबंध हा शालेय लेखनाचा एकमेव स्वतंत्र प्रांत होता. तो मार्गदर्शिकांनी केव्हाच ताब्यात घेतला. पावसाळ्यावरील निबंधात परभणीचा मुलगा हिरवेगार डोंगर, खळाळते धबधबे आणि छत्र्या घेऊन शाळेत निघालेली मुले रंगवतो. काळ्या रानात रुतणारी पावले आणि पेरणीनंतर दडी मारलेला पाऊस त्यात येत नाही. ते त्याने पाहिलेले असते, पण ते निबंधात लिहावयाचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दहावीला २०१८-१९ पासून भाषाविषयात कृतिपत्रिका आली. तिच्यात स्वमत आणि उपयोजित लेखन यांना जागा आहे, ही तिची जमेची बाजू. पण चौकटी भरणे, आकृत्या पूर्ण करणे, एका शब्दात उत्तर देणे यांचा सराव इतका होतो की, स्वमतही पाठ करून ठेवलेले आढळते. दुसऱ्याचे स्वमत पाठ करणे हा प्रकार मराठी शिक्षणाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

महाविद्यालयात चित्र अधिक ठळक होते. मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रावर परीक्षकापुढे गठ्ठे असतात आणि प्रत्येक उत्तराला मिळणारा वेळ थोडा असतो. साहजिकच तो मुद्दे मोजतो. अधोरेखित शीर्षके त्याला सोयीची वाटतात. गुण मुद्द्यागणिक मिळत असतील तर प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे गुण मिळवते, आणि वाक्यांना जोडण्याचे श्रम वाया जातात. विद्यार्थी हे लवकर ओळखतो. वर दिलेले सात वाक्यांचे उत्तर अज्ञानातून आलेले नाही. ते मूल्यांकनपद्धतीच्या अचूक आकलनातून आलेले आहे. व्यावहारिक मराठीचा अभ्यासक्रम याला अपवाद ठरावयास हवा होता. पण तेथेही अर्जाचा नमुना पाठ होतो आणि परीक्षेत उतरतो. खरा अर्ज लिहिण्याची वेळ आली की हाच पदवीधर तहसील कार्यालयाबाहेर टंकलेखन यंत्र किंवा संगणक घेऊन बसलेल्या माणसाकडे जातो.

या सर्वांवर स्पर्धा परीक्षांनी शिक्कामोर्तब केले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या पत्रिका २०१२ पासून बहुपर्यायी झाल्या. भाषेचा काही भाग वगळता, अधिकारी होऊ इच्छिणाऱ्याला सलग दोन परिच्छेद लिहिण्याची गरज उरली नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे कोरडवाहू शेतीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून सरकारी नोकरीकडेच पाहिले जाते, तेथे अभ्यासिकांत बसलेल्या एका संपूर्ण पिढीच्या महत्त्वाकांक्षेतून लेखन वजा झाले. करोनाच्या साथीत, २०२० साली, अंतिम वर्षाच्या विद्यापीठीय परीक्षाही मोठ्या प्रमाणावर बहुपर्यायी पद्धतीने झाल्या. मग २०२२ साली आयोगाने मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले. २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ही पद्धत २०२५ च्या परीक्षेपासून लागू करण्याचे ठरले. त्या आंदोलनाची टिंगल अनेकांनी केली : लिहिण्याला घाबरणारे अधिकारी कसे होणार, असे विचारले गेले. वस्तुतः ती भीती सकारण होती. ज्यांना दहा वर्षे लिहावे लागले नाही त्यांच्यापुढे अचानक लेखनाचा उंबरठा आला; आणि शहरातील महागड्या वर्गांत उत्तरलेखनाचा सराव करणाऱ्याला तो जितका उंच वाटेल त्याहून तो गंगाखेडच्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्याला कितीतरी उंच वाटणार.

लेखनाची गरज अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यालाच आहे असेही नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ साली आला. महाराष्ट्रात २०१२ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांचा असावा असे ठरले. १५० शब्दांत काय हवे, कोणत्या काळाचे हवे आणि कोणत्या कागदावरून हवे, हे नेमके मांडणे हा गद्यलेखनाचा अस्सल प्रश्न आहे. तो ज्याला सुटत नाही त्याचा अर्ज मोघमपणामुळे निष्फळ ठरू शकतो.

भ्रमणध्वनीला दोष देणे आता प्रथाच झाली आहे. तो दोष फारसा खोलवर जाणारा नाही. बिघाड त्याच्या आधीचा आहे. मात्र २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी जी साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली त्यांनी एक गोष्ट उघडी पाडली. बेताचा प्रश्न विचारला तर ही साधने जनाबाईंवर वरच्यासारखेच, शुद्ध आणि कोठूनही कोठे हलवता येणारे उत्तर क्षणात देऊ शकतात. केवळ ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या अध्यापकापाशी अशा उत्तरात दुरुस्त करण्यासारखे काहीच उरत नाही.

वर्गात काय करता येईल याचा विचार परिस्थिती पाहूनच करावा लागेल. अनेक ठिकाणी अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांना वहीतपासणीचा मोबदला नाही. ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा १५० शब्दांचा मजकूर म्हणजे बारा हजार शब्द. तीन मिनिटांत एक याप्रमाणे चार तासांचे काम. पंधरवड्यातून एकदा ते अशक्य नाही, पण त्यासाठी तपासणीचा हेतू एकच ठेवावा लागेल. विषय मार्गदर्शिकेत न सापडणारा असावा : घरात नुकताच झालेला एखादा व्यवहार, बैलाची विक्री, बटईचा करार, बहिणीचे शिक्षण थांबवण्याचा निर्णय, तो तसाच का झाला हे लिहावयाचे. पहिला खर्डा स्वतःच्या बोलीत लिहू द्यावा. अध्यापकाने त्यात एवढेच पाहावे की, कोणती दोन वाक्ये अदलाबदल करूनही चालतात. तेथे खूण करावी आणि वही परत द्यावी. दुसरा खर्डा प्रमाण मराठीत. शुद्धलेखन तिसऱ्या फेरीत, आणि ते शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यानेही नियमांची पुस्तिका समोर ठेवून तपासण्यास हरकत नाही.

पदव्युत्तर पातळीवर हीच कसोटी प्रबंधिकेला लावता येते. 'जन्म व बालपण', 'शिक्षण', 'साहित्यसंपदा', 'पुरस्कार' अशा शीर्षकांचे पहिले प्रकरण बहुतेक प्रबंधिकांत असते, आणि पुढील प्रकरणांत त्याचा उल्लेखही येत नाही. बी. रघुनाथांच्या चरित्रातील कारकुनी त्यांच्या कथात्म साहित्याच्या विवेचनात उपयोगी पडणार नसेल तर ती पहिल्या प्रकरणात कशासाठी आली, एवढा प्रश्न मार्गदर्शकाने समासात लिहिला तरी विद्यार्थ्याला पहिले प्रकरण पुन्हा लिहावे लागेल.

जनाबाईंवरील उत्तर या पद्धतीने दुसऱ्यांदा लिहिले तर ते असे होऊ शकते : 'जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. दळन-कांडन हेच त्यांचे रोजचे काम, म्हनून त्यांना देव भेटतो तो जात्यापाशी. पण तो तेथे दर्शन देण्यासाठी येत नाही, कामाला हात लावतो. त्यामुळे मालक आणि दासी हे नाते त्यांच्या अभंगात उलटे झालेले दिसते.' यात 'न' आणि 'ण' यांच्या तीन चुका आहेत. त्या दुरुस्त करण्यास अर्धे मिनिट लागते.