करडू घरात घ्या, पण कोंडू नका

दिवाळी सरली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल कधीच खर्ची पडलेली असते. ट्रॉलीत संसार चढतो आणि पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडं निघतात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. नेमक्या याच दिवसांत शेळ्या विऊ लागतात, आणि त्याला कारण आहे. वळवाच्या पावसानं रानात कोवळा पाला फुटला की शेळ्या माजावर येतात. मे-जूनमध्ये फळलेली शेळी साधारण दीडशे दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते. घरातले धडधाकट हात उसाच्या फडात असतात आणि दोन किलोचं ओलं करडू सासूबाईंच्या पदरात पडतं.

मग ते करडू घरात येतं. ढाळजेत, बाजेखाली, चुलीच्या अंगाला, जिथं जागा असेल तिथं. शेळीपालनाच्या पुस्तकांत करडांसाठी वेगळं शेड दाखवलेलं असतं. ज्याच्याकडं दोन-चार शेळ्या आहेत त्याचं शेड म्हणजे त्याचं राहतं घर. यात कमीपणा काही नाही. पहिल्या पंधरा दिवसांसाठी यापेक्षा चांगली जागा पुस्तकवाल्यांनाही सुचणार नाही. चुकतं ते पुढं: करडू घरात कधी आणलं, किती कोंडलं आणि आईपासून किती वेळ तोडलं, यात.

आपल्याकडची शेळी उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, बीड, परभणी, सोलापूर, अहिल्यानगर हा तिचा मुलूख. बहुतेक काळी, काटक, कमी चाऱ्यात तग धरणारी आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. जुळं हीच तिची कमाई आणि तिथंच धोकाही. दोन करडांत एक हमखास लहान निघतं, आणि डिसेंबरात पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की आधी तेच मान टाकतं. अंगात चरबी नावालाच असते, वजनाच्या मानानं कातडी जास्त उघडी असते, त्यात अंग ओलं. अशा जिवाची ऊब काही तासांत निघून जाते.

म्हणून घाईनं उचलून घरात न्यावं? तेवढं थांबा. व्याल्यानंतर शेळी करडाला चाटते तेव्हा दोन कामं होतात. करडू कोरडं होतं, आणि आईला त्याचा वास पक्का बसतो. पहिल्या काही तासांत हा वास बसला नाही, किंवा कुणी हौसेनं करडू धुऊन काढलं, तर शेळी त्याला पाजू देत नाही, शिंगावर घेते. तेव्हा आधी आईला चाटू द्यावं. तोवर आपण नाकातोंडातला चिकटा पुसावा, गोणपाटानं अंग चोळावं आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं. नाळ ही उघडी वाट असते. शेणामातीतले जंतू तिथून आत जातात आणि आठ-दहा दिवसांनी सांधे सुजतात किंवा धनुर्वात होतो. घरात आणायचंच असेल तर पहिली रात्र आईलाही सोबत आणावं.

आता चिकाबद्दल, कारण निम्मी लढाई इथं जिंकली किंवा हरली जाते. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी काही शिदोरी गर्भातच मिळते. करडाला ती मिळत नाही. शेळीच्या वारेतून ही द्रव्यं पलीकडं जात नाहीत. करडू कोऱ्या पाटीनं जन्मतं आणि सगळी प्रतिकारशक्ती चिकातून घेतं. त्यातही मुदत आहे. चिकातली ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची ताकद तासातासानं कमी होत जाते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या-एक तासात पोटात जायला हवा, आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहा टक्के. दोन किलोच्या करडाला दोनशे मिलिलिटर, चार-पाच वेळांत विभागून. "वार पडल्याबिगर पाजायचं नाही" हा जुना रिवाज अजून कुठं कुठं पाळतात. त्यात तीन-चार तास जातात आणि ते करडाच्या आयुष्यातले सगळ्यात महागडे तास असतात. हा रिवाज सोडलेलाच बरा.

आईला चीक कमी असेल तर त्याच दिवसांत व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चालतो, तोही नसेल तर गाईचा. जास्तीचा चीक फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टिकतो. मात्र तो कोमट पाण्यात भांडं ठेवूनच पातळ करावा. उकळला की चिकाचा खरवस होतो आणि आतली औषधी शक्ती जाते.

पहाटे नात हाक मारते, "आजी, करडू मान टाकायलंय बगा." त्या वेळी बहुतेक घरांत आधी दूध गरम होतं. आधी करडाच्या तोंडात बोट घालून पाहावं. तोंड गार लागलं तर दूध अजिबात द्यायचं नाही. शेळीच्या जातीचं नेहमीचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या जवळपास, म्हणजे आपल्यापेक्षा दोन अंश जास्त. गार पडलेल्या करडाला चोखता येत नाही, नीट गिळता येत नाही. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक खाच मिटून नळी तयार होते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात, खऱ्या जठरात पोचतं. वाटीनं, जबरीनं ओतलेलं दूध पहिल्या कप्प्यात जाऊन नासतं किंवा श्वासनळीत उतरतं. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी फुफ्फुसदाह, आणि घरचे म्हणतात दूध बाधलं. म्हणून आधी ऊब: गोधडीत गुंडाळा, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून दोन्ही बाजूंना ठेवा. तोंड कोमट लागलं, करडू बोट चोखू लागलं की मग दूध. तेही उभ्या करडाला, मान जरा वर ठेवून, निपलच्या बाटलीनं.

घराचाही विचार करायला हवा. जुन्या माळवदाच्या घराला हातभर जाडीच्या मातीच्या भिंती असत. दिवसाची ऊब रात्रभर पुरे आणि वरच्या सवण्यातून कोंदट हवा निघून जाई. आता खोली सिमेंटची, वर पत्रे. संध्याकाळी दार लावलं, फटीत पोती कोंबली की आपल्याला वाटतं बंदोबस्त झाला. पण करडांचा श्वास आणि मुताची वाफ वर जाते, गार पत्र्याला लागून पाणी होते आणि पहाटे थेंब थेंब त्यांच्याच पाठीवर गळते. कोरडी थंडी करडू एक वेळ सोसतं, ओल सोसत नाही. मुतातून सुटणारा उग्र वायू जमिनीलगत जास्त असतो. आपण उभे असतो म्हणून कळत नाही. गुडघ्यावर बसून करडाच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर खोली बदला. खालून वारा अडवावा, वर वीतभर फट मोकळी ठेवावी. खाली सोयाबीनचं कोरडं भुसकट किंवा गव्हाचं काड टाकून ओलं झालेलं रोज काढावं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवण्याचा प्रकार तर माणसांच्याही जिवावर बेततो. आणि ऊब मिळावी म्हणून एलईडी दिवा टांगणाऱ्यांनी तो हाताला लावून पाहावा. जुना शंभर वॉटचा पिवळा दिवा तापत असे, हा उजेडच देतो.

तुराट्यांचं किंवा निरगुडीच्या फोकांचं डालगं मात्र अजून बिनतोड आहे. हवा खेळते, मांजर-कुत्रं शिरत नाही, करडं एकमेकांना लगटून ऊब धरतात. फक्त एका डालग्याखाली किती करडं डालायची याला धरबंध हवा. वाढत्या करडाला किमान दोन-अडीच चौरस फूट जागा लागते, आणि महिन्याचं करडू आठ दिवसांच्या करडाबरोबर ठेवू नये. तीन आठवड्यांनंतर रक्ती हगवणीचा जंतू जोर धरतो. ओल्या, लेंड्यांनी माखलेल्या जागेत तो एकाकडून दुसऱ्याकडं जातो. दोन आठवड्यांपासून करडू पानं कुरतडू लागतं. शेवरी, सुबाभूळ, बोर, बाभूळ यांची डहाळी खुंटीला त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. खाली टाकलेला पाला ते आधी तुडवतं, मग खातं. पंधरवड्यानंतर दिवसा ऊन पडलं की करडं अंगणात हवीत, घर रात्रीपुरतं.

रात्री आत घेण्याला आणखी एक कारण आहे. माळावर लांडगा आहे आणि आता बिबट्याही. २०२०च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून त्या भागात करडू उघड्यावर ठेवा असं सांगायला कुणाची जीभ रेटणार नाही.

मात्र माणसं आणि करडं एका खोलीत म्हणजे रोगही एका खोलीत. ओठांवर खपल्या आलेल्या, मावा झालेल्या करडाला पोरांनी कुशीत घेतलं तर तसेच फोड हातांवर येतात. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातानं उचलू नये. त्यातून माणसाला महिनोन्‌महिने न हटणारा ताप येऊ शकतो. गरोदर बाईनं तर त्या कामाच्या जवळही जाऊ नये.

राहिली लस. पीपीआरची लस करडू तीन महिन्यांचं झाल्यावर. आंत्रविषाराची लस मात्र गाभण शेळीला विण्याआधी महिनाभर टोचली तर तिचं संरक्षण चिकातून करडाला आयतं मिळतं. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा, म्हणजे मागं राहणाऱ्या आजीला शोधावा लागणार नाही. आणि टोळीबरोबर जाणाऱ्यांनी एवढं कराच: नोव्हेंबरात विणाऱ्या शेळीची लस दसऱ्याच्या आत टोचून घ्या.